पुढच्याची पाठ

मागे एका लग्नात एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय ताई, ओळख विसरलात?" चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता, पण नाव काही केल्या आठवेना. हातातली बशी सावरत मी नुसतीच हसले. तेवढ्यात त्यांना कुणीतरी हाक मारली. ते वळले, आणि पाठ दिसल्याबरोबर नाव माझ्या तोंडून बाहेर पडलं. डावा खांदा किंचित उतरलेला, मान जरा पुढे काढलेली. ही पाठ मला वर्षानुवर्षांची माहीत होती. हेल्मेट नसलेलं ते डोकं आणि सफारी घातलेलं ते पोट, हेच काय ते नवीन होतं.

एकमेकांना चिकटून सायकल चालवणाऱ्यांची ओळख अशी मागूनच होते. कोणाच्या टाचा आत वळतात, कोणाच्या पोटरीवर जुन्या टाक्यांची खूण आहे, कोणाचं फ्रीव्हील जोरात करकरतं आणि कोणाचं अगदी दबकं. चढ आला की कोण आधी डोकं खाली घालतो, पाणी पिताना कोणाची सायकल हातभर उजवीकडे जाते. माणूस काय काम करतो, घरी कोण कोण असतं हे फार उशिरा कळतं. पुष्कळदा कळतच नाही. तो पाणी पिताना उजवीकडे जातो, एवढं मात्र पहिल्याच रविवारी कळावं लागतं.

नवीन येणारा बहुधा पुढच्याच्या टायरकडे टक लावून बसतो. ते साहजिक आहे. आपल्या चाकापासून दोन-अडीच फुटांवर दुसऱ्याचं चाक फिरत असताना नजर आणखी कुठे जाणार? पण चाकाकडे पाहणाऱ्याला फक्त चाकच दिसतं, आणि चाकाला काही झालेलं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. आमच्या सायकल गटातले भाऊ, बँकेतून निवृत्त झालेले, प्रत्येक नव्याला सांगतात, "खाली नको. त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघ. चाक आपोआप दिसत राहील." हे पटायला काही दिवस जातात. खांद्यावरून पलीकडे बघायचं म्हणजे पुढच्याच्या पुढचा, त्याच्याही पुढचा, आणि जमलं तर रस्ता. ओळीत चौथ्या माणसाचा पाय थांबला की तिसऱ्याचा थांबतो आणि मग दुसऱ्याचा. हे थांबणं आपल्यापर्यंत येताना दिसतं, आणि दिसलं की आपलाही पाय हलका होतो. ब्रेकला बोट लावावं लागत नाही.

ब्रेक हा या सगळ्यातला नाजूक विषय. तासाला तीस किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून जास्त. दोन-अडीच फुटांचं अंतर या हिशेबात कुठेच बसत नाही. पुढचा एकदम थांबला तर मागच्याच्या मेंदूने हे पाहून बोटांना निरोप देईपर्यंत ते अंतर केव्हाच संपलेलं असतं. तेव्हा हे अंतर थांबण्यासाठी ठेवलेलं नसतं. दोघे एकाच वेगाने जात राहतील या भरवशावर ते टिकतं. एकट्या सायकलस्वाराला ब्रेक वाचवतो. घोळक्यात तोच ब्रेक करकचून दाबला तर दाबणारा वाचतो आणि मागचे चौघे आडवे होतात. खड्डा चुकवायला एकदम कडेला घेतलेली सायकलही तशीच. स्वतःला वाचवण्याची जी उपजत घाई आपल्या अंगात असते, जिच्यामुळे आपण आजवर जगलो, तीच इथे सगळ्यात घातक. लहानसा खड्डा असेल तर सरळ त्यावरून जावं, ढुंगण सीटवरून थोडं उचलावं, दणका सोसावा आणि ओळ सोडू नये. हे काही शौर्य नाही. खरं तर हा एक प्रकारचा आळस आहे, काहीही एकदम न करण्याचा. घोळक्यातला उत्तम सायकलस्वार हा फार कंटाळवाणा माणूस असतो. तो पुढच्या क्षणी काय करणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं.

चाकाला चाक लागतं तेव्हा कोण पडतं, यात एक विचित्र अन्याय आहे. सायकलचा तोल सतत बारीकबारीक वळण्याने राहतो. ज्या बाजूला कललो त्या बाजूला पुढचं चाक नकळत वळतं आणि सायकल परत आपल्या अंगाखाली येते. मागच्याचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला कडेने टेकलं की हे वळणंच अडतं, आणि मागचा पडतो. पुढच्याला एक हिसका बसतो, एवढंच. मागचं चाक वळणारं नसतंच, त्यामुळे त्याचं फारसं बिघडत नाही. बऱ्याचदा त्याला काय झालं हेही कळत नाही, मागून आवाज आला म्हणून तो वळून बघतो. चूक कदाचित त्याचीच असते. उगाच वेग कमी केलेला असतो, नाहीतर चढावर तो न सांगता सीटवरून उठलेला असतो. उभं राहताना पायाचा जोर क्षणभर सुटला की सायकल मागच्याच्या दिशेने फूटभर येते. म्हणून जाणता माणूस उठण्याआधी "उठतोय" म्हणतो आणि पायडल खाली दाबता दाबताच उठतो. भाऊ आणखी एक गोष्ट सांगतात, जी ऐकताना कुणालाच खरी वाटत नाही. चाकाला चाक टेकलंच, तर घाबरून दूर पळायचं नाही. टेकलेल्या बाजूलाच किंचित रेलायचं आणि हळूच मागे सरकायचं. म्हणजे पुन्हा तेच. जिथून पळावंसं वाटतं तिथेच टेकून राहायचं.

माझे वडील, अप्पा, खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. आम्ही कसब्यात राहायचो, आणि सत्तरच्या दशकातल्या पुण्यात सकाळी भोंग्याच्या आधी सायकलींचा जो लोंढा शिवाजीनगर, वाकडेवाडीवरून खडकीकडे जायचा, त्यातले ते एक होते. पितळी बिल्ला लावलेली, डायनामोवाली, चांगली जड सायकल. हँडलला डब्याची पिशवी. संध्याकाळी मी डेंगळे पुलाच्या तोंडाशी उभी राहून लोंढ्याची वाट बघत असे. एका ओळीत चार-चार जण, हँडलला हँडल लागेल इतके जवळ, आणि सगळे बोलत. कुणाचा हात शेजारच्याच्या खांद्यावर. समोर वारा असला की एक धिप्पाड फिटर पुढे असायचा आणि बाकीचे त्याच्या आडोशाला. वयाने मोठ्या, दमलेल्या माणसाच्या पाठीवर तळवा ठेवून तरुण कामगार त्याला चढावर ढकलत न्यायचे, तेही गप्पा न थांबवता. हेल्मेट म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं. ही माणसं फारशी पडत का नसावीत, याचा मी पुढे विचार केला, तेव्हा एक मजेशीर कारण सुचलं. त्यांचे ब्रेक वाईट होते. लोखंडी दांड्यांचे ते ब्रेक पावसाळ्यात लागले तर लागले. लागतीलच याची खात्री नसल्यामुळे ती मंडळी ब्रेकवर विसंबतच नसत. पुढचा काय करणार याचा अंदाज घेत, पाय हलके करत ती चालत. शिवाय रोज तीच माणसं, तोच रस्ता, तीच वेळ. अप्पांना मी एकदा विचारलं होतं की एवढ्या गर्दीत धक्का कसा लागत नाही. ते म्हणाले, "लागतो की. लागला तर लागला." धक्का लागणं आणि पडणं ही त्यांच्या लेखी दोन वेगळी प्रकरणं होती.

आमच्या आजच्या गटाला एवढा सराव नाही. आठवड्यातून एकदा भेटणारी माणसं आम्ही, त्यामुळे आम्हाला हाताच्या खुणा लागतात, आरोळ्या लागतात. पुढचा हात खाली करून खड्डा दाखवतो. पाठीमागे हात नेऊन बाजूला झटकला की कडेला काहीतरी आहे, उभी मोटार किंवा चालणारा माणूस. हाताची मूठ वर गेली की थांबायचं. हात सोडण्यासारखा रस्ता नसेल तर तोंड. "ब्रेकर!" "कुत्रा!" "मागून ट्रक!" पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर-नारायणगावच्या पट्ट्यात याखेरीज आणखी काही शब्द लागतात. मोसमात उसाच्या ट्रॉल्यांमधून कांड्या गळून रस्त्यावर चेपलेल्या असतात, त्यावर बारीक टायर सटकतं. चाकण मागे टाकताना कधी फुटलेल्या गोणीतले कांदे. उलट्या बाजूने दुधाचे कॅन लटकवून येणारा मोटरसायकलवाला तर बारमाही.

हा निरोप मागे कसा जातो ते ऐकण्यासारखं असतं. पहिला "कांदे!" म्हणतो. दुसऱ्याला कांदे दिसतात, म्हणून तो खणखणीत आवाजात "कांदे!" म्हणतो. पाचव्याला कांदे दिसत नाहीत, फक्त शब्द येतो आणि तो पुढे ढकलायचा असतो. म्हणजे घोळक्याच्या मध्यावर रस्ता हा बराचसा ऐकीव असतो. मी ज्या डांबरावरून जाते आहे ते मी पाहिलेलं नाही, कुणीतरी माझ्यासाठी पाहून ठेवलंय. म्हणून निरोप गाळणं हा मोठा गुन्हा. आणि नसलेला खड्डा दाखवणं हाही. काही उत्साही लोक रस्त्यावरच्या प्रत्येक डागाकडे बोट करतात. थोड्या वेळाने त्यांच्या बोटाकडे कुणी बघत नाही, आणि नेमका तेव्हाच खरा खड्डा येतो.

भाऊ नेहमी शेवटी असतात. हँडलच्या टोकाला छोटा गोल आरसा बसवलेला, खिशात पंक्चरचं सामान. मागे पडलेल्याला आणायचं काम त्यांचं. त्यांची एक सवय आहे. पुढून आलेली खूण तेही मागे करतात. खड्डा आला की हात खाली, कडेला गाडी दिसली की हात मागे झटकलेला. त्यांच्या मागे कुणीच नसतं. एका तरुण मुलाने त्यांना चेष्टेने विचारलंही होतं, "भाऊ, कुणाला दाखवता?" भाऊंनी उत्तर दिलं नाही. पुढच्या ब्रेकरला पुन्हा हात केला.

घोळक्यातल्या लबाड्याही बारीक असतात. दोघे दोघे शेजारी चालत असताना एखादा कायम अर्धं चाक पुढे असतो. आपण त्याच्या बरोबरीला आलो की तो आणखी अर्धं चाक पुढे. त्याला कल्पनाही नसते. आपलं वाक्य पुरं व्हायच्या आत "हो, हो, कळलं" म्हणणाऱ्या माणसासारखा तो. त्याला गाठता गाठता वेग वाढत जातो, मागच्या जोड्याही वाढवत राहतात, आणि शेवटच्या जोडीची दमछाक होते. ती का झाली हे पुढच्या दोघांना संध्याकाळपर्यंत कळत नाही. अशा माणसाला सरळ सांगावं की सोडून द्यावं, यावर आमच्यात मतभेद आहेत. मी सोडून देणाऱ्यांतली. नाक शिंकरायची वेळ आली तर मात्र ओळ सोडून अगदी मागे जावं, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

एवढा खटाटोप वाऱ्यापायी. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या आयंडहोवेनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी १२१ सायकलस्वारांचा घोळका संगणकावर आणि वाऱ्याच्या बोगद्यात मांडून मोजमाप केलं. घोळक्याच्या पोटात, जरा मागच्या अंगाला, वाऱ्याचा अडथळा एकट्या सायकलस्वाराच्या मानाने पाच ते दहा टक्क्यांवर येतो असं त्यांना दिसलं. सगळे तासाला ५४ किलोमीटरच्या वेगाने जात असताना पोटातल्या माणसाला वारा लागतो तो १२ ते १५च्या वेगाने चाललेल्याइतका. आमच्या दहा-बारा जणांच्या ओळीला इतकं सुख नाही, पण चव कळते. पुढून तिसऱ्या-चौथ्या जागेवर आलं की कानातला घोंगावा एकदम बंद होतो आणि साखळीचा आवाज ऐकू यायला लागतो. मला त्या जागेचं सुख घेताना नेहमी थोडी धास्ती वाटते. जिथे वारा सगळ्यात कमी लागतो, तिथूनच रस्ता सगळ्यात कमी दिसतो.

आणि पोटातल्या माणसाला धोका कुठून येईल हे सांगता येत नाही. २०२१च्या टूर द फ्रान्सच्या पहिल्या दिवशी ब्रिटनीमधल्या रस्त्याच्या कडेला एक बाई हातात पुठ्ठ्याचा फलक धरून उभी होती. आजी-आजोबांसाठी काहीतरी लाडाचं लिहिलेलं. टीव्हीच्या कॅमेऱ्यात तो यावा म्हणून ती घोळक्याकडे पाठ करून हसत होती. कडेने येणारा जर्मनीचा टोनी मार्टिन फलकाला धडकला, आणि क्षणार्धात रस्ताभर सायकलींचा ढीग झाला, कित्येक डझन जण खाली. जगातले सगळ्यात तयारीचे सायकलस्वार, वाहतूक बंद केलेला रस्ता, आणि निमित्त आजी-आजोबांच्या प्रेमाचं. मी ते दृश्य पाहिलं तेव्हा मला राग आला नाही. आपल्याकडे असा फलक रोजच असतो, फक्त त्याच्यावर काही लिहिलेलं नसतं.

आमच्या रस्त्यांचा वाऱ्याशी आणखी एक वेगळा तंटा आहे. पुणे-नाशिक रस्ता चाकणच्या पुढे बराचसा उत्तरेकडे जातो, आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. जाताना वारा डावीकडून येतो, म्हणजे आडोसा मिळतो तो पुढच्याच्या उजव्या अंगाला, तिरपा मागे. युरोपातल्या शर्यतीत अशा वेळी सायकलस्वार रस्त्याच्या रुंदीभर तिरक्या ओळीत पसरतात. आमच्या उजव्या अंगाला कंटेनर असतो. तेव्हा आम्ही एकामागे एक, सरळ ओळीत, वारा खात जातो. आडोसा हाताच्या अंतरावर दिसत असतो आणि घेता येत नाही. परतीला वारा उजवीकडून येतो, आडोसा डावीकडे, सुरक्षित बाजूला येतो. पण तिथे दोन माणसांपुरता तिरपेपणा झाला की डांबर संपतं आणि खडी सुरू होते. तिसऱ्याने काय करायचं? तिसरा वारा खातो. थोड्या वेळाने पुढचा बाजूला होतो, ओळीच्या कडेकडेने मागे येतो, आणि जागा बदलतात. पुढे गेलेल्याने त्या वेळी जोर दाखवायचा नसतो, होता तोच वेग ठेवायचा. हे सगळ्यात कठीण. मागे बसून ताजातवाना झालेला माणूस पुढे आला की त्याला आपण आल्याचं रस्त्याला कळवावंसं वाटतं.

घाट लागला की घोळक्याचं प्रयोजन संपतं. चढावर वेगच इतका कमी की वाऱ्याचा आडोसा नावापुरता, आणि उतारावर जवळ राहणं म्हणजे वेडेपणा. खेडच्या घाटाशी आलो की भाऊ मागून ओरडतात, "आता ज्याचं त्याने!" आणि ओळ मण्यांमण्यांनी सुटते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. घोळक्याचा राजा असा किताब कुठे ऐकला नाही. मिळाला तरी तो नेमका कोणाला द्यायचा?

एका शनिवारी आम्ही अवसरी फाट्यावरून आतल्या रस्त्याला लागलो होतो. सकाळच्या शाळेची वेळ. पुढे सात-आठ मुली, निळ्या-पांढऱ्या गणवेशात, तिघी तिघी शेजारी. सरकारी योजनेत मुलींना मिळतात तशा सायकली, दप्तरं कॅरिअरला. एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर. आमच्या भारी सायकलींपैकी एकीलाही घंटी नव्हती, म्हणून पुढच्याने आवाज दिला, "बाजूला घ्या गं पोरींनो, एका ओळीत चाला!" मागचीने वळूनही न पाहता पुढे कळवलं, "ए, शर्यतवाले आले." ओळ न गडबडता डावीकडे सरकली. खांद्यावरचा हात मात्र खांद्यावरच. आम्ही पुढे गेलो, आणि जरा वेळाने लक्षात आलं की त्यातल्या तिघी वेग वाढवून भाऊंच्या मागे लागल्यात. एकामागे एक. शाळेच्या फाट्यापर्यंत त्या तशाच आल्या आणि "बाय काका!" करून वळल्या.

मंचरला चहा घेताना यावरून चांगलंच वाजलं. एकजण म्हणाला, ओळखीपाळखीचं नसलेलं, डोक्यावर हेल्मेट नसलेलं कुणी आपल्या मागे लागलं तर थांबून नको म्हणावं. काही झालं असतं तर? दुसरा म्हणाला, रस्ता त्यांचा, रोजचा, आपणच आठवड्याचे पाहुणे. त्यांना कोण सांगणार? मी अप्पांच्या लोंढ्याबद्दल काहीतरी बोलायला गेले, पण ते कुणी ऐकून घेतलं नाही. भाऊ बिस्किट चहात बुडवून खात होते. दोन्ही बाजूंचं बोलून झाल्यावर म्हणाले, "त्यातली पहिली होती ना, वेणीवाली, तिने मागच्यांना दोन खड्डे दाखवले. हाताने."

"तुम्हाला काय माहीत?"

"आरशात दिसलं."

"मग त्या चुकवून गेल्या का?"

"दुसरी गेली. तिसरी सरळ खड्ड्यातून गेली आणि हसायला लागली," भाऊ म्हणाले आणि आणखी एक कटिंग मागवला.